कुऱ्हाडबंदीचा मुलूख

पत्रकावर ‘मौनाच्या प्रदेशात’ असं ठळक अक्षरात छापलं होतं. जोधपूरच्या हॉटेलसमोरून बस हलली तेव्हा मागच्या बाकांवर अंताक्षरी रंगात आली होती, चिवड्याचा डबा पुढून मागे फिरत होता आणि नाशिकच्या एक काकू ड्रायव्हरला रामरक्षा लावायचा आग्रह करत होत्या. ती त्यांच्या पेनड्राइव्हवर होती. रामरक्षा संपली आणि पुन्हा अंताक्षरी. माझी त्याला हरकत नव्हती. मराठी माणसं घोळक्यानं प्रवासाला निघाली की गप्प बसत नाहीत, आणि वारीत तरी कोण गप्प बसतं?

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘तीर्थ’ असा कळवला आणि ‘आधी पाहून या, मग लिहा’ अशी अट घातली. काशी, गिरनार, पंढरपूर आधीच वाटले गेले होते. मी थरचं वाळवंट मागून घेतलं. तिकडे ‘आध्यात्मिक वाळवंट यात्रा’ आता मराठी सहल कंपन्याही काढतात. खेजडली, रामदेवरा, जैसलमेर, तनोट, मध्ये वाळूच्या टेकड्यांजवळ तंबूत एक रात्र आणि पहाटे ‘सूर्योदय ध्यान’. माघातली तारीख मिळाली. दिवसा ऊन सोसतं आणि रात्री शाल पुरत नाही, असा तो हंगाम.

अशी सहल दोन माणसांच्या खांद्यावर चालते. एक पुण्याहून बरोबर आलेला टूर मॅनेजर. खोल्यांच्या किल्ल्या, बिनकांद्या-लसणाची ताटं, कुणाच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या बॅगेत राहिल्या, हे सगळं तो बघतो. दुसरा स्थानिक गाइड. आमचे गाइड पन्नाशीपुढचे, गळ्यात ओळखपत्र आणि बोलण्यात वाक्यागणिक ‘हुकम’. सहल आध्यात्मिक, म्हणून काही मंडळींनी त्यांना पहिल्याच दिवशी ‘गुरुजी’ करून वाकून नमस्कार केला. ते दोन पावलं मागे सरकले. “मैं तो गाइड हूँ, हुकम. दिन का पैसा लेता हूँ.”

वेळापत्रकात मंदिराला चाळीस मिनिटं आणि हस्तकलेच्या दालनाला दीड तास का, हे त्यांनीच मला बसच्या पायरीवर उभं राहून समजावलं. रोजचा दर तुटपुंजा असतो, उरलेलं दुकानाच्या कमिशनवर भागतं. “ध्यान पर कमिशन नहीं मिलता, बाईसा.”

शमीखाली

खेजडली गाव जोधपूरपासून पंचवीस-एक किलोमीटरवर आहे. १७३० साली, भाद्रपदातल्या दशमीला, जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांची माणसं इथं कुऱ्हाडी घेऊन आली. राजवाड्याच्या बांधकामाला चुना हवा होता, चुन्याच्या भट्टीला लाकूड हवं होतं आणि बिश्नोईंच्या या गावात खेजडीची झाडं मुबलक होती. अमृतादेवी नावाच्या बाईनं झाडाला मिठी मारली. डोकं देऊन झाड वाचत असेल तर सौदा स्वस्त आहे, अशा अर्थाचं काही ती बोलल्याचं सांगतात. तिच्यामागून तिच्या तीन मुली, मग आसपासच्या गावांतली माणसं. एकूण ३६३ जणांनी प्राण दिले. शेवटी महाराजांनी तोड थांबवली आणि बिश्नोईंच्या गावांत झाड तोडायला बंदी घातली.

गाइडनी हे शांतपणे सांगितलं. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मग मॅनेजरनं सगळ्यांना झाडांना मिठ्या मारून उभं केलं आणि व्हिडिओ काढला.

या गोष्टीमागची व्यवस्था तेवढ्यात समजत नाही. जांभोजी १४५१ मध्ये पीपासरला जन्मले आणि १४८५ मध्ये त्यांनी समराथळच्या वाळूच्या टेकाडावर बिश्नोई पंथ स्थापला, तो काळ भीषण दुष्काळाचा होता. माणसं झाडं तोडून, जनावरं मारून दिवस ढकलत होती आणि तेवढ्यानंच पुढच्या दुष्काळाची तयारी होत होती. जांभोजींनी २९ नियम घातले. त्यांत हरिनाम आहे, रोजची अंघोळ आहे, अफू-तंबाखूला मनाई आहे, बाळंतिणीला तीस दिवस वेगळं ठेवून विश्रांती आहे आणि हिरवं झाड तोडायचं नाही हेही आहे. बिश्नोई आपले मृतदेह पुरतात. दहनाचं लाकूड वाचतं. देवधर्म आणि सरपणाचा हिशेब एकाच यादीत लिहिणारा संत मला फार आवडला.

खेजडी म्हणजे आपली शमी. मुळं खोल जातात, म्हणून तिच्या सावलीत बाजरी खुरटत नाही, उलट जोमानं येते. पाला शेळ्या-उंटांना चालतो. शेंगा वाळवल्या की सांगरी. एके काळी ती दुष्काळातलं अन्न होती, आज बदामाच्या भावानं विकली जाते. गाइडनी ‘शमी’ म्हटलं मात्र, आमच्या घोळक्यात एकदम जान आली. कोथरूडच्या एका काकांनी टाचा उंचावून फांदी खाली ओढली. गणपतीला वाहायला थोडी पत्री न्यावी, एवढाच विचार. गाइड धावतच आले. हात धरला नाही, फांदीखाली आपला हात ठेवला. “यहाँ नहीं, हुकम. बाजार में ला दूँगा.” काका ओशाळले. मला विचाराल तर त्या दिवसाचं खरं दर्शन तेच होतं, आणि ते वेळापत्रकात नव्हतं.

बाबांची बीज

रामदेवरा पोखरणच्या उत्तरेला, बारा-तेरा किलोमीटरवर आहे. बसमध्ये नाव पुकारताच एकानं विचारलं, “हे योगवाले का?” दुसऱ्यानं सांगितलं, “नाही हो, नागपूरचं कॉलेज आहे ना त्यांच्या नावाचं, ते.” दुसऱ्याचं उत्तर बरोबर होतं. रामदेवबाबा तंवर राजपूत घराण्यातले लोकदेव, पश्चिम राजस्थानात आणि गुजरातेत घरोघर पुजले जातात. व्यापारानिमित्त महाराष्ट्रात आलेली राजस्थानी कुटुंबं त्यांना बरोबर घेऊन आली. हिंदू त्यांना कृष्णाचा अवतार मानतात, मुसलमान रामशा पीर म्हणतात. मेघवाळ समाजाशी त्यांचं नातं इतकं जवळचं, की डालीबाई या मेघवाळ भक्तिणीची समाधी त्यांच्या समाधीशेजारीच आहे. आजचं मंदिर बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी १९३१ मध्ये बांधून घेतलं. राजानं बांधलेल्या देवळात गर्दी मात्र पायी आलेल्या, तळपायाला फोड आलेल्या माणसांची.

मोठी जत्रा भाद्रपदातली. शुद्ध द्वितीयेला ‘बाबे री बीज’ म्हणतात, तिथून पुढं एकादशीपर्यंत. तेव्हा जातरूंसाठी रस्त्याच्या कडेला रामरसोडे लागतात. फुकट जेवण, पाय चेपायला माणसं, रात्री जम्मा म्हणजे भजनांचं जागरण. माघातली जत्रा लहान असते. तरीही पोखरणच्या अलीकडे हमरस्त्याच्या कडेनं पांढरी-भगवी निशाणं घेतलेले जथे दिसत होते. काहींच्या डोक्यावर कापडाचे घोडे होते. बाबांना घोडा वाहतात. नवस जेवढा मोठा तेवढा घोडा मोठा. हातभर उंचीपासून दोघांनी उचलावा लागेल असा.

चहाच्या टपरीवर माळव्यातून चालत आलेलं एक कुटुंब भेटलं. आजी, मुलगा, सून, नातू. सुनेनं विचारलं, “आपका कितने दिन का पैदल है?” आम्ही बसनं आलो हे ऐकून तिनं आमची कीव केली नाही, आजीला पुढच्या वर्षी बसनंच आणू या, असं नवऱ्याला सुचवलं. त्यांच्याकडे नकाशा नव्हता. कुठल्या गावाच्या तळ्यापाशी पाणी गोड, कुठं झोपायला ओसरी, हे सगळं तोंडपाठ. वाट दाखवायला गाइड लागत नाही, कारण वाट पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची आहे. आम्हाला मात्र बसच्या काचेतून वाळू आणि खुरटी झुडपं एवढंच दिसत होतं.

वाटेत खेतोलाई लागलं. १९९८ च्या मे महिन्यातल्या अणुचाचण्यांची जागा इथून जवळ. गाव मुख्यतः बिश्नोईंचं. जीवजंतूलाही जपावं असं मानणाऱ्या माणसांच्या शेजारी देशानं बॉम्ब फोडून पाहिला, हे बसमध्ये कुणाला खटकलं नाही. टाळ्या वाजल्या. सूर्य कलत होता आणि जैसलमेर गाठायचं होतं.

तंबूतली रात्र

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्यांशेजारी तंबूंच्या रांगाच रांगा आहेत. संध्याकाळी उंटावरून फेरी, मग कालबेलिया नाच, जेवण, शेकोटी. आमच्या तंबूमालकानं ‘आध्यात्मिक’ हा शब्द मनावर घेऊन नाचाऐवजी पाबूजींची फड ठेवली होती, याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

फड म्हणजे पाच-सहा हात लांबीचं पडद्यासारखं चित्र, अशी समजूत असेल तर ती सोडा. दोन खांबांना ताणलेला तो चित्रपट दहा-बारा हात सहज भरतो आणि त्यावर पाबूजींचं सगळं जग दाटीनं बसलेलं असतं; कोळू गावचा दरबार, केसर काळमी घोडी, गाई, लंकेहून आणलेल्या सांडण्या. पाबूजी राठोड हे उंटांचे राखणदार दैवत. मारवाडात उंट त्यांनीच आणले असं रायका-रेबारी मंडळी मानतात. उंट आजारी पडला की भोपा, म्हणजे फडीपुढे कथा गाणारा पुजारी, बोलावायचा, फड लावायची, रात्रभर कथा लावायची. फड हेच देऊळ. सूर्य मावळल्याशिवाय ती उलगडत नाहीत, जीर्ण झाली तर फेकत नाहीत, पुष्करच्या पाण्यात विसर्जन करतात. ती रंगवणारी शाहपुरा-भिलवाड्याची जोशी घराणी आहेत.

मॅनेजरला कार्यक्रम जेवणाआधी हवा होता. भोपानं आकाशाकडे पाहून मान हलवली. अजून उजेड होता. दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. सबंध सहलीतलं सलग मौन म्हणाल तर तेवढंच. मग त्यानं चपला बाजूला काढायला लावल्या, फड बांधली, उदबत्ती ओवाळली आणि रावणहत्था खांद्याला टेकवला. भोपी हातात दिवा घेऊन, तो ज्या चित्राबद्दल गात होता त्यावर उजेड धरत होती. अंधारात दिव्याखाली येईल तेवढीच गोष्ट जिवंत होते, बाकीची काळोखात थांबून राहते. विजेच्या झोतात ही युक्ती मरते, म्हणून मी मालकाला समोरचा दिवा बंद करायला सांगितलं. त्यानं केला. शेजारच्या तंबूतला डीजे बंद करणं त्याच्या हातात नव्हतं.

कथा रात्रभराची, वेळ मिळाला वीस मिनिटांचा. एकवीस अध्यायांच्या पोथीतला फक्त फलश्रुतीचा श्लोक वाचावा, तसं. नंतर मी भोपाला विचारलं, अर्ध्यावर थांबवताना कसं वाटतं. “हॉटेलात कथा नसते, बाईसा. हॉटेलात नमुना असतो. गावात गेलो की पूर्ण करतो.” वैषम्य नव्हतं. हंगामात चार पैसे इथंच मिळतात, हेही त्यानं लगेच सांगितलं.

शेकोटी पेटली तेव्हा माझ्या मनात खेजडलीतली खेजडी होती. लाकूड कुठलं, असं पेटवणाऱ्या पोराला विचारलं. “अंग्रेजी बावळियो,” म्हणजे विलायती बाभूळ. परदेशातून आणलेलं हे झाड जोधपूर संस्थाननं हौसेनं लावलं, १९४० मध्ये राजवृक्षाचा मान दिला, आणि आता ते गवताच्या माळांवर हातपाय पसरतं आहे. तेव्हा जाळलं तर बरंच. पण हंगामात एवढ्या तंबूंपुढे दर रात्री एवढ्या शेकोट्या पेटतात, त्या सगळ्यांत बावळियोच असतो का? पोर हसलं आणि पुढच्या तंबूकडे गेलं.

पहाटेच्या ध्यानाला निम्मी मंडळी आली. मोबाइलवरून ओंकार लावला होता. टेकडीच्या कडेला उंटवाली पोरं थंडीनं कुडकुडत, आमचे डोळे कधी उघडतात याची वाट पाहत बसली होती. फेरीचा नंबर लागल्याशिवाय त्यांची बोहनी नव्हती.

रुमालवाली आई

तनोट जैसलमेरपासून सव्वाशे-एक किलोमीटर, सरहद्दीजवळ. वाटेत रामगढ लागतं. त्या टापूत काही ठिकाणी वाळूखाली खडियाची, म्हणजे जिप्समची पट्टी आहे. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि पट्टीवर अडून राहतं. खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते थेंबाथेंबानं जमा करण्यासाठी लोकांनी अरुंद तोंडाच्या विहिरी खोदल्या. कुणी कुंई म्हणतं, कुणी बेरी. अनुपम मिश्रांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या १९९५ च्या पुस्तकात तिचं मर्म उलगडून दाखवलं. वर्षाला जेमतेम वीतभर पाऊस पडणाऱ्या मुलखात तळ्याचं आगोर, म्हणजे पाणी वाहून येण्याची सगळी जमीन, देवघरासारखी स्वच्छ ठेवायची रीत आहे. इंदिरा गांधी कालवा आला तशी ही रीत सैल झाली, पण बेऱ्या सगळ्या बुजल्या नाहीत. आमची बस थांबली नाही. बेरीवर बघण्यासारखं असतं तरी काय? जमिनीत एक भोक आणि त्यावर झाकण.

तनोटला मात्र बघायला पुष्कळ आहे. इथली आवड माता ही चारणांच्या घरची देवी, भाटी राजांची कुलस्वामिनी. १९६५ च्या युद्धात या परिसरात पाकिस्तानी तोफगोळ्यांचा वर्षाव झाला आणि देवळाच्या आवारात पडलेले गोळे फुटलेच नाहीत, अशी श्रद्धा आहे. त्यातले काही काचेच्या कपाटात मांडून ठेवलेत. तेव्हापासून देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे. आरती जवानच करतात, प्रसादही तेच वाटतात. नवसाला इथं रुमाल बांधतात, हजारो रुमाल, रंगीबेरंगी, एकमेकांत अडकलेले. आमच्या मंडळींनीही बांधले. मुलीचं लग्न, नातवाचा व्हिसा, गुडघ्याचं ऑपरेशन. आरतीनंतर ‘भारत माता की जय’ झालं आणि लोंगेवालाच्या युद्धभूमीकडे बस वळली. भक्ती आणि देशभक्ती अशी सरमिसळ झालेली असते, की कुठली कुठं संपते हे विचारणंसुद्धा तिथं वाह्यातपणाचं वाटतं. मी विचारलं नाही.

देगरायचं ओरण

सहल जैसलमेरला संपली. मंडळी स्टेशनकडे गेली आणि मी मागे राहिले, कारण ज्यासाठी आले होते ते अजून पाहिलंच नव्हतं. पत्रकात ‘ओरण’ हा शब्द कुठंच नव्हता.

आपल्याकडे सह्याद्रीत देवराई असते, तसं इकडे ओरण. देवाच्या किंवा देवीच्या नावानं सोडलेली जमीन. राजस्थानात अशी सुमारे पंचवीस हजार ओरणं असावीत आणि त्यांखाली सहा लाख हेक्टरांच्या आसपास जमीन असावी, असा अंदाज आहे. कुठं चार झाडं, कुठं मैलोन्‌मैल माळ. देगराय मातेचं ओरण दुसऱ्या जातीचं. जैसलमेरच्या दक्षिणेला, फतेहगड तहसिलीत, सांवता-रासला या गावांकडे. गावकरी ते साठ हजार बिघ्यांचं सांगतात.

मला नेलं ते एका उंटपाळ म्हाताऱ्यानं. जीप देवळापाशी ठेवायला लावली. “देखणो है तो पाळो चालो, बाईसा.” तळ्याकाठचं देवीचं देऊळ साधंच. पायऱ्या उतरून तो थेट माळाकडे वळला.

बघायला काय होतं? पहिल्या अर्ध्या तासात काही नाही. पिवळं गवत, झुडपं, वाळू. मग डोळे सरावतात. ही सेवण, गाईंचं गवत. मुळं वाळूला धरून ठेवतात, पाऊस आला की वाळलेल्या बुडख्यातून फुटतं. हे जाळाचं झाड, फांद्या जमिनीला टेकलेल्या, आत हरणं दुपार काढतात. हे कैर, पानं जवळजवळ नाहीतच, फळांचं लोणचं. ही बोरडी, ही कुमट, हा रोहिडा, फुलायच्या बेतात. म्हाताऱ्यानं वाकून वाळूतला पायाचा ठसा दाखवला. “ही माझी सांडणी. पहाटे गेली. बरोबर हिचं पिलू, आणि एक दुसऱ्याची.” वाळूत मला तीन वेगवेगळे उंट दिसेनात. त्यानं बोटानं ठशाच्या कडेची एक चीर दाखवली; तिच्या डाव्या मागच्या तळव्याला जुनी जखम आहे.

सांडण्या भेटल्या तेव्हा त्या चरत चरत पुढं सरकत होत्या. उंट एका झाडाशी ठाण मांडत नाही, एक घास घेतो आणि पुढं जातो. म्हणून त्याला माळ लांबरुंद लागतो. तेवढा माळ आता फक्त ओरणात उरला आहे.

नियम काय, असं विचारलं तर त्यानं मोजून सांगितले नाहीत, बोलता बोलता आले. कुऱ्हाड आत न्यायची नाही. हिरवी फांदी तोडायची नाही. वाळलेलं लाकूड देवीच्या प्रसादाला किंवा चितेला, घरच्या चुलीला नाही. चराई सगळ्यांना खुली, जात न विचारता. पण नांगर कुणालाच नाही. शिकार नाही. आणि कुणी मोडलं तर? “देवी देखे.” मग थोडं थांबून, “पंच भी देखे.” पूर्वी दंड म्हणून पाखरांना दाणे टाकायला लावायचे. देवीचं भय आणि पंचांची नजर, दोन्ही लागतात. एकावर भागत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

परत येताना आम्ही मनोऱ्यांखालून आलो. ओरणावरून उच्च दाबाच्या वीजवाहिन्या जातात. खाली उभं राहिलं की तारांचा गुणगुणाट ऐकू येतो. म्हाताऱ्यानं तिथं पाऊल उचललं. उंटांनाही तो आवाज आवडत नाही म्हणाला.

दप्तरातली पडीक

या भागात ऊन आणि वारा दोन्ही भरपूर. कोळशाऐवजी त्यांतून वीज काढावी, याला शहाणा माणूस विरोध करणार नाही. फलोदीजवळच्या भडला सौर प्रकल्पाची क्षमताच २,२४५ मेगावॉट आहे. प्रश्न जागेचा. महसूल दप्तरात ओरणांचा मोठा भाग ओरण म्हणून चढलेलाच नाही. ‘सिवायचक’ किंवा पडीक अशी नोंद आहे. देगरायच्या साठ हजार बिघ्यांतलाही मोठा हिस्सा असाच बिननोंदीचा. दप्तरात पडीक म्हटलं की प्रकल्पाला द्यायला मोकळी.

तारांचा सगळ्यात मोठा बळी माळढोक. राजस्थानचा हा राज्यपक्षी गोडावण या नावानं ओळखला जातो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि आज तिथं तो जवळजवळ दिसतच नाही. देशात उरलेल्या दीडेकशे पक्ष्यांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यातच आहेत. अंगानं जड, समोरचं नीट दिसत नाही, उडताना झटकन वळता येत नाही. तार समोर आली की संपलं. मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एक पक्षी मेला तरी हिशेब बिघडतो. सप्टेंबर २०२० मध्ये देगराय ओरणाच्या परिसरातच वीजवाहिनीखाली एक माळढोक मेलेला सापडला. आता सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत पिलं वाढवली जात आहेत. पिलं उद्या सोडायची म्हटली तर त्यांना तारा नसलेला माळ हवा. तो कुठला? पुन्हा ओरणच.

सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात राजस्थान सरकारला ओरणांचं जमिनीवर आणि उपग्रहाच्या मदतीनं मोजमाप करायला, त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला आणि देखरेखीसाठी समिती नेमायला सांगितलं. ही चांगली गोष्ट आहे. पण गावात हे वाचून दाखवलं तर पहिला प्रश्न येतो तो कुंपणाचा. वनखातं आलं की चराई बंद होईल का? ज्यांनी शतकानुशतकं राखलं त्यांनाच परवाना मागावा लागणार का? शंका अनाठायी नाही. २०१४ मध्ये राजस्थाननं उंटाला राज्यपशू केलं आणि २०१५ मध्ये त्याची कत्तल आणि राज्याबाहेर विक्री रोखणारा कायदा केला. नर उंटांचा बाजारच बसला, असं उंटपाळ सांगतात. घसरण त्याआधीपासूनची होती, ती थांबली नाही. २०१२ च्या पशुगणनेतले सव्वातीन लाख उंट २०१९ मध्ये सव्वादोन लाखांच्याही खाली आले. उंटाला मान मिळाला आणि उंटपाळाचं पोट गेलं. ओरणाच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नसेल तर नोंद गावाच्या हक्कासकट व्हायला हवी.

आमच्या सहलीबद्दल माझं मत वाईट नाही. काकू खूश होत्या, काकांना शेवटी बाजारातली शमी मिळाली, भोपाला बिदागी मिळाली. पण वाळवंट पवित्र आहे ते रिकामं आणि शांत आहे म्हणून, असं पत्रक सुचवतं, आणि ते साफ चूक आहे. तिथं फार माणसं, फार जनावरं थोड्या पाण्यावर आणि थोड्या झाडांवर जगतात, आणि कशाला हात लावायचा नाही हे त्यांनी देवाच्या नावानं ठरवून घेतलं आहे. सहल देऊळ दाखवते, देवळानं राखलेली जमीन दाखवत नाही. रिकामी जागा म्हणून पाहायची सवय लागली की पडीक म्हणून लिहायला वेळ लागत नाही.

तुम्ही या हंगामात जाणार असाल तर सहल कंपनीला आधीच विचारा, ओरण आहे का? नसेल तर घालायला सांगा. एक हस्तकला दालन कमी केलं तर वेळ निघतो. देगरायला जैसलमेरहून तासा-सव्वा तासात पोचता येतं. वाट दाखवायला गावातला उंटपाळ घ्या आणि त्याला गाइडएवढेच पैसे द्या. पाणी बरोबर ठेवा, चालायची तयारी ठेवा, आणि खाली पडलेली काडीसुद्धा उचलू नका.